दादा ब्रेक पॅड निवडतो

माझा थोरला भाऊ आयुष्यभर लिफ्ट तपासत आला. सरकारी नोकरी. कुठल्याही इमारतीत नवी लिफ्ट बसली की दादा आपली पत्र्याची पेटी घेऊन हजर. वरच्या मशीनच्या खोलीत चढायचं, खालच्या खड्ड्यात उतरायचं, आणि त्याची सही होईपर्यंत त्या लिफ्टमधून मांजरसुद्धा वर जायचं नाही. लोक आत पाऊल टाकायला निघाले की हा हात आडवा करून ‘थांबा’ म्हणायचा, म्हणून बांधकामवाले त्याला पाठीमागे ‘थांबासाहेब’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

मी त्याची धाकटी बहीण. दातांच्या दवाखान्यात कामाला आहे आणि त्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. त्याचं ‘थांब’ मला जन्मापासून फुकट मिळत आलंय. सायकलवर बसताना थांब, लग्नाला होकार देताना थांब, गरम चहा तोंडाला लावताना थांब. लग्नाच्या बाबतीत त्याचं ऐकायला हवं होतं, पण तो विषय वेगळा.

तर अशा माणसाच्या गाडीचे ब्रेक पॅड झिजले.

गाडी तशी जुनी, पण दादाने ती पोटच्या पोरीसारखी जपलेली. एके दिवशी ती ब्रेक दाबला की किंचाळायला लागली. आमच्या दवाखान्यात दात कोरायचं यंत्र जसं ओरडतं, अगदी तसंच, फक्त इथे तोंडात बोळा घालायची सोय नव्हती. दादाला मात्र त्या आवाजाचं कौतुक वाटलं. पॅड झिजत आला की त्यावरची एक पत्र्याची जीभ चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला घासते आणि मुद्दाम ओरडते, हे त्याने आम्हाला जेवताना समजावून सांगितलं. “म्हणजे ती आधी सांगते बघ,” तो म्हणाला. “माणसं सांगत नाहीत.”

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने चाक काढून पाहिलं आणि पॅड बदला म्हणाला. दादाने विचारलं, “कोणते घालू?” गॅरेजवाल्याच्या दारात चार गाड्या उभ्या, पाचवी रस्त्यात आडवी. तो म्हणाला, “काका, जे मिळतील ते आणा. पॅड ते पॅड.” संपलं. त्या दिवसापासून गॅरेजवाला दादाच्या मनातून उतरला तो उतरलाच.

आता इथे वहिनीबद्दल सांगायला हवं, कारण खरं घोडं तिच्यापाशी अडलं होतं. वहिनी घरी शिवणाचा क्लास घेते. बाहेरच्या खोलीत तीन मशीन, कापडांचे गठ्ठे, आणि खुर्चीवर बसायचं तर आधी टाचणी नाही ना हे बघायचं. गेल्या वर्षी तिने कोणालाही न विचारता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि पहिल्याच खेपेला परीक्षा पास झाली. दादा तिसऱ्या खेपेला पास झाला होता. हे घरात कोणी बोलत नाही, म्हणजे मी सोडून.

लायसन्स आलं, पण वहिनीच्या हाती गाडी काही आली नाही. आधी टायर बदलायचे होते. मग वायपर. मग आरशाचा कोन. दादा ‘हो’ म्हणायचा, ‘नाही’ कधीच म्हणाला नाही, फक्त दर वेळी एक काम निघायचं. वहिनी समजूतदार आहे, पण समजूतदार माणसाचाही अंत असतो. त्यातच तिची थोरली बहीण, अक्का, घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ती राहते शेजारच्या गावी, हॉस्पिटलही तिकडच्याच बाजूला, आणि बसने जायचं तर दोनदा बदलावी लागते. वहिनी हेलपाटे घालून दमली. अक्काने अंथरुणातून फर्मान काढलं की शनिवारी मला घरी सोडणार आहेत, मला न्यायला तू ये, तुझी तू गाडी चालवत ये. “तुझा नवरा चालवणार असेल तर मी इथेच राहते,” अक्का म्हणाली. “त्याच्या गाडीतून घरी पोचेपर्यंत माझा दुसरा खुबा जाईल.”

वहिनीने शब्द दिला. आणि नेमके तेव्हाच पॅड ओरडायला लागले.

मग जो काथ्याकूट सुरू झाला, तो विचारू नका. पॅड तीन प्रकारचे असतात हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याने माझं काही अडलंही नव्हतं. मऊ असतात ते चटकन धरतात, पण लवकर झिजतात. धातूचा चुरा घातलेले असतात ते टिकतात, पण थंड असताना जरा उशिरा धरतात आणि कुरकुरतात. सिरॅमिकचे असतात ते गुपचूप काम करतात आणि त्यांची ऐट असते. दादा मऊवर आला की टिकाऊपणाची काळजी, धातूवर आला की थंडीची काळजी, सिरॅमिकवर आला की म्हणायचा, “इतकं गुपचूप बरं नाही. झिजले तरी कळायचं नाही.” मी म्हटलं, ती पत्र्याची जीभ असते ना ओरडायला? तो म्हणाला, “असते. पण तिचा भरवसा काय.” कालपर्यंत त्या जिभेचं कौतुक चाललं होतं.

तो जुन्या सहकाऱ्यांना फोन करायचा. खालच्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याला जिन्यात गाठायचा; तो बिचारा पुढे पुढे दादाची चाहूल लागली की मागच्या दाराने सटकायला लागला. घरात जेवणाच्या टेबलावर तीन रिकामी खोकी मांडलेली, दुकानातून नमुन्याला आणलेली, आणि त्यांच्या कडेकडेने ताटं ठेवून आम्ही जेवायचो. वहिनी गप्प होती. ती गप्प झाली की मशीन जोरात चालवते. त्या आठवड्यात वर माझ्या जमिनीला हादरे बसत होते.

त्यातच दादाने तिच्या गुडघ्याचं नवीन काहीतरी काढलं. तिला वजनकाट्यासमोर खुर्चीवर बसवायचा. काटा आडवा नाही, भिंतीला उभा टेकवलेला. “उजव्या पायाने दाब,” म्हणायचा. “हळू. आता जोरात. आता एकदम, दचकल्यासारखी.” का, तर बसून शिवणाऱ्यांच्या गुडघ्याला हा व्यायाम चांगला. वहिनी एका हातात पळी धरून, कढईवर डोळा ठेवून, इमानदारीने काटा दाबायची. मला वाटलं, चला, बायकोच्या गुडघ्याची काळजी तरी घेतोय. मी त्याचं कौतुकसुद्धा केलं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

शनिवार तोंडावर आला तेव्हा माझी सहनशक्ती संपली. मी दवाखान्यातून अर्धी रजा घेतली आणि दादाला दंडाला धरून सुट्या भागांच्या दुकानात नेलं. दुकान म्हणजे एक लांबट बोळ, दोन्ही बाजूंनी छतापर्यंत खोकी, मध्ये काउंटर, काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवलेला दुकानदार. दादाला बघून त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि चेहरा पाडला.

“आलात?” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “ताई, तुम्ही यांच्या घरच्या का?”

“बहीण.”

“मग तुम्हीच सांगा यांना. गाडी कुठली ते सांगा, मी पॅड देतो. मिसेसच्या पायाचा जोर किती किलो आणि दचकल्यावर किती, यावरून पॅड देता येत नाही हो मला. चार वेळा सांगितलं. माझ्याकडे तसं खोकंच नाही.”

मी दादाकडे पाहिलं. तो वरच्या फळीवरच्या फॅनबेल्टांकडे बघत होता.

“कोणाच्या पायाचा जोर?” मी विचारलं.

“सगळ्यांचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं,” दादा म्हणाला.

परत येताना रस्त्यावरच मी त्याला धारेवर धरलं, आणि तेव्हा कुठे तो बोलला. स्वतःसाठी पॅड घ्यायचे असते तर त्याने पहिल्याच दिवशी घेतले असते. तो सायकलच्या वेगाने गाडी चालवतो, त्याला ब्रेक लागतोच कशाला. पण आता वहिनी चालवणार. “लिफ्टचा ब्रेक मुळात लागलेलाच असतो,” तो म्हणाला. “वीज आली तर सुटतो, वीज गेली की आपोआप लागतो. गाडीचं सगळं उलटं. कोणीतरी पाय ठेवला तर थांबणार. मी नोकरीभर असलं काही पास केलं नाही गं. आणि आता हिला त्यात बसवून सोडू?”

मला हसू आलं आणि त्याच्या पाठीत एक गुद्दा घालावासाही वाटला. मी यातलं काहीच केलं नाही. घरी गेले आणि सगळं वहिनीच्या कानावर घातलं.

चुगली म्हणा हवं तर. पण ती इतके दिवस समजत होती की नवऱ्याला आपल्या हातात गाडी द्यायची नाही, बायकोने चालवलेली त्याला बघवत नाही. आणि तो समजत होता की आपण तिला सांभाळतोय. दोघंही एकाच टेबलावर, त्या तीन खोक्यांच्या अल्याड-पल्याड.

मला वाटलं होतं वहिनी विरघळेल. कसलं काय. तिने मशीन बंद केलं आणि उठून दादासमोर उभी राहिली.

“तुम्ही माझ्या पायाचं वजन केलंत?”

“पायाचं नाही, जोराचं,” दादा म्हणाला.

“आणि मला सांगितलंत गुडघा.”

“गुडघ्यालाही चांगलंच आहे ते.”

“तीस वर्षं मी ही सुई पायाने थांबवतेय,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मी दाराकडे सरकले. “हव्या त्या टाक्यावर. सुईला लागून बोट असतं माझं, एकदा तरी टोचलेलं बघितलंत? ड्रायव्हिंगच्या बाई म्हणाल्या, इतका नेमका पाय मी बघितला नाही. तो पाय तुम्ही भाजीसारखा तोलून घेतलात. मला विचारायचं होतं ना.”

“काय विचारणार होतो?”

“भीती वाटते का, असं विचारायचं होतं.”

दादाने टेबलावरचं एक खोकं उचललं, परत ठेवलं. “तुला वाटते?”

“वाटते की. पहिल्यांदाच नेणार आहे ना मी गाडी गावाबाहेर.” वहिनी खाली बसली. “तुम्हाला?”

“मला तर झोप येत नाही,” दादा म्हणाला. एवढं सरळ वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः दुकानात गेली. आम्ही दोघं मागे उभे. दुकानदाराने दादाला पाहून चष्मा ओढला, मग वहिनीला पाहिलं, मग तिच्या पायांकडे पाहिलं, आणि काही बोलला नाही, यात त्याची सभ्यता दिसली. वहिनीने विचारलं, “जवळपास फिरायचं, आणि आठवड्यातून एकदोनदा शेजारच्या गावी. सकाळी गाडी थंड असताना लगेच धरतील असे कोणते?”

“हे. मऊ आहेत. झिजतील लवकर, पण धरतील.”

“झिजले की नवीन घेऊ. द्या.”

दादा कळवळला. “अगं, दुसरे बघितलेस तरी का?”

“तुमच्या वेळीही मी दुसरे बघितले नव्हते,” वहिनी म्हणाली.

दुकानदाराला खोकला आला आणि तो बराच वेळ आत जाऊन राहिला.

गॅरेजवाल्याने पॅड बसवले. पण नवीन पॅड बसवल्या बसवल्या पूर्ण धरत नाहीत. त्यांची आणि चकतीची ओळख व्हावी लागते. मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घ्यायचा, हळूच दाबायचं, सोडायचं, जरा गार होऊ द्यायचं, पुन्हा. हे काम कोणी करायचं, असं दादाने गॅरेजच्या दारात विचारलं. मग वहिनी चालकाच्या जागी बसली, दादा तिच्या शेजारी, मी मागे. गोदामांच्या मागचा सरळ रस्ता आम्ही इतक्या वेळा वरखाली केला, की तिथला पहारेकरी शेवटी खुर्ची घेऊन बघायला बसला. वहिनी दाबायची त्याच्या आधी दादाचा पाय पुढच्या पत्र्यावर दाबलेला असायचा. तिथे ब्रेक नव्हता, पण त्याने तो मनापासून लावला. घरी आल्यावर त्याच्या पोटरीला गोळा आला आणि मला तेल चोळावं लागलं. वहिनीच्या गुडघ्याला काही झालं नव्हतं.

तर शनिवारी दादाचा बेत असा, की वहिनीने चालवायचं आणि त्याने शेजारी बसायचं. जाताना तसंच झालं. आम्ही तिघं हॉस्पिटलात सुखरूप पोचलो, फक्त दादाच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

पण खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस मागे पाय मुडपून बसू शकत नाही, हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. लिफ्टमध्ये माणसं उभी असतात, मशीनवर कापड बसतं, आणि माझ्याकडचे पेशंट आयते आडवेच मिळतात. नर्सने पुढची सीट पार मागे ढकलली, पाठ रेलवली, खाली उशी घातली आणि अक्काला तिथे बसवलं. तिच्या मागे जागाच उरली नाही. राहिलेल्या जागेत वॉकर आला, दोन पिशव्या आल्या, आणि घरी लागणारी उंच कमोडची खुर्ची आली. ती खुर्ची चारी पाय पसरून मागे, दादा बसू शकला असता त्या जागी अशी काही बसली, की तिला उठवायची कोणाची छाती होईना.

“आता एकच जागा आहे,” नर्स म्हणाली. “चालवणाऱ्याची. गाडी कोण नेणार?”

वहिनीने दादाकडे पाहिलं. अक्का काहीतरी बोलणार होती, पण तिला बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसावंसं वाटलं. किल्ली त्याच्या हातात होती, गाडी उभी राहताच त्याने ती मागून घेतली होती. त्याने एक शब्द उच्चारला असता, की मी नेतो, तुम्ही दोघी बसने या, तर कोणी त्याला दोष दिला नसता. ऑपरेशन झालेली अक्का, नवीन ड्रायव्हर, अनोळखी रस्ता. सगळी कारणं तयार होती, काढायला नकोच होती.

“ही,” दादा म्हणाला, आणि किल्ली वहिनीला दिली.

गाडी फाटकातून बाहेर पडली. वळणावर मागचे दोन लाल दिवे लागले, विझले, आणि ती दिसेनाशी झाली. दादा तिथेच उभा. मी त्याला बसस्टॉपवर नेलं. बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि प्रत्येक समोरून येणारी गाडी निरखत राहिला, जणू वहिनी वाटेत विचार बदलून परत येणार होती. मी त्याला पहिल्यांदाच टोचून बोलले नाही.

अक्काच्या घरासमोर गाडी उभी होती. भिंतीला लागून, सरळ, दोन्ही आरसे जागेवर. दादा तिच्याभोवती एक फेरी घालून आला आणि पुढच्या चाकाशी उकिडवा बसून त्याने चाकाजवळ हात धरला. जोरजोरात ब्रेक मारत आलं, की तिथे धग लागते.

“गार आहे,” तो म्हणाला.

“दादा, गाडी कधीचीच आलीय. एव्हाना काहीही गार झालं असतं.”

“माहीत आहे मला,” तो म्हणाला, पण हात काढला नाही.

वहिनी बाहेर आली. पदर खोचलेला, चेहरा लाल. “वाटेत एकदा जोरात दाबावा लागला,” ती म्हणाली. “एक म्हातारा एकदम रस्त्यात उतरला. हातात पिशवी, इकडे तिकडे न बघता.”

दादा उठायच्या बेतात होता, तो तसाच राहिला. “मग?”

“मग काय. थांबली गाडी. त्याच्या पिशवीपासून हातभर अलीकडे. तो मलाच शिव्या देत गेला.” वहिनी हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. “अक्काला कळलंसुद्धा नाही. तिचा डोळा लागला होता.”

दादा फुटपाथच्या कडेवर बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही. त्याला रडताना मी आई गेली तेव्हा पाहिलं होतं, नंतर आत्ताच. वहिनी त्याच्या शेजारी बसली. दादाने तिचे हात आपल्या हातात घेतले, आणि रस्त्याने जाणाऱ्या बायका बघत होत्या तरी सोडले नाहीत. मला काय करावं कळेना, म्हणून मी पिशव्या आत नेल्या.

थोड्या वेळाने वहिनीच म्हणाली, “उठा. ती खुर्ची घट्ट करायचीय. एक पाय डुगडुगतोय. मी काही अक्काला त्यावर बसवणार नाही तुम्ही बघितल्याशिवाय.”

दादाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. आत जाऊन त्याने खुर्ची उलटी केली, चारी पायांचे स्क्रू पिळले, एका पायाचं रबर काढून परत घातलं. अक्का वॉकर धरून दाराशी उभी होती आणि तिची निकड तोंडावर स्पष्ट दिसत होती. खुर्ची सुलटी करून दादा आधी स्वतः तिच्यावर बसला. नीट पँट-शर्टमध्ये, दोन्ही हात दांड्यांवर ठेवून. डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, सगळं वजन टाकून दोनदा आपटला. आम्ही तिघी बायका दारात उभ्या राहून बघत होतो आणि एकीलाही हसू आलं नाही.

मग तो उठला, बाजूला झाला, आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाला, “या, अक्का.”